ऑपरेशन जाहीर झालं, म्हणून आपला वाटा जाहीर करावा का?

सिन्नर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "माझे मिस्टर पॅरा एसएफमधून (लष्कराच्या विशेष दलातून) हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता अंबड एमआयडीसीत एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर आहेत. एका मोठ्या यूट्यूब चॅनेलनं त्यांना मुलाखतीला बोलावलंय. चॅनेलला हवंय ते एका गाजलेल्या ऑपरेशनबद्दल. मिस्टर म्हणतात, सरकारनंच पत्रकार परिषद घेऊन सगळ्या जगाला सांगितलं, मग मी त्यात होतो हे सांगितलं तर काय बिघडलं? गावातले म्हणतात, पोरांना प्रेरणा मिळेल. मला मात्र धास्ती वाटते, घरात दोन लहान मुलं आहेत. त्यात गणेश मंडळाला त्यांचा फ्लेक्स लावायचाय, त्यावर ऑपरेशनचं नाव टाकू म्हणतात. काय करावं?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. मुलाखत द्यायला हरकत नाही. त्या ऑपरेशनमधला स्वतःचा वाटा सांगायला मात्र हरकत आहे. असं का, ते जरा सविस्तर लिहितो. जमलं तर यजमानांना शेजारी बसवूनच वाचा, कारण त्यांचा प्रश्न मला अजिबात उथळ वाटत नाही.

मी तोफखान्यातला. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकलो, पुढं तिथंच शिकवलं. मधल्या काळात निरीक्षण अधिकारी म्हणून तुमच्या यजमानांसारख्या लोकांबरोबर काम केलं आणि नंतर गुप्तवार्तेच्या टेबलावरही बसलो. कुठं, कधी, कोणाबरोबर, हे या उत्तरात सापडणार नाही. सध्या कॉलेज रोडला एसएसबीची (लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतीची) तयारी करणाऱ्या मुलांना शिकवतो. "सर, तुम्ही कुणाला मारलंय का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच.

आता "सरकारनंच सांगितलं" या वाक्याकडे वळू. तुम्ही कुठल्या ऑपरेशनबद्दल बोलताय ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या तळावर हल्ला झाला. त्यात गेलेल्यांमध्ये आपल्या सिन्नरच्या खडांगळीचा जवानही होता, तेव्हा या भागाला ती तारीख सांगायला नको. २९ तारखेला डीजीएमओ, म्हणजे लष्करी मोहिमांचे महासंचालक, लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग कॅमेऱ्यासमोर आले. आदल्या रात्री नियंत्रण रेषेवर दहशतवाद्यांच्या लाँच पॅडवर (घुसखोरीआधी जमायच्या ठिकाणांवर) कारवाई केली, त्यांचं मोठं नुकसान झालं, आणि ती कारवाई पुढं चालू ठेवायचा आपला विचार नाही, अशा अर्थाचं छोटं निवेदन त्यांनी वाचलं आणि उठले. किती टीम गेल्या, कुठल्या नाल्यानं गेल्या, परत येताना कोण मागं राहिलं, यातलं काहीही त्यात नव्हतं. पुढच्या जानेवारीत पदकं जाहीर झाली. ४ पॅराचे मेजर रोहित सुरी यांना कीर्तिचक्र मिळालं, ४ आणि ९ पॅराच्या इतरांनाही शौर्यपदकं मिळाली. ही नावं राष्ट्रपती भवनातून आली, म्हणजे सरकारनं विचार करून बाहेर सोडली.

म्हणजे सरकार एखादी घटना जाहीर करतं, कधी ठरवून काही नावं जाहीर करतं. त्या रात्री कोण कुठं उभा होता हे जाहीर करत नाही. आणि चॅनेलवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

समजा यजमान म्हणाले, "मी दुसऱ्या टीममध्ये होतो, माझ्याकडं एलएमजी होती." एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन. ऐकायला साधं वाटतं. पण दुसरी टीम म्हटली की पहिली आली, बहुधा तिसरीही आली. एलएमजी म्हटली की त्या टीमचं काम काय असावं याचा अंदाज आला. त्याच रात्रीचा दुसरा कुणी हरियाणात दुसऱ्या चॅनेलवर बसून सांगतो, "आम्ही चंद्र मावळायची वाट बघत थांबलो होतो." त्यानंही गुपित असं काही सांगितलेलं नसतं. पलीकडं मात्र एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. त्याच्याकडं त्याच्या बाजूचे अहवाल असतात, त्यांची माणसं कुठं पडली याचा नकाशा असतो. तो हे दोन तुकडे त्यावर ठेवून बघतो. गुप्तवार्तेच्या टेबलावरचं बरंचसं काम हेच असतं. कपाट फोडून फाईल चोरणं सिनेमात असतं. खरं काम म्हणजे लोकांनी अभिमानानं सांगितलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं शांतपणे जुळवत बसणं.

याहून मोठी काळजी खबऱ्याची. प्रत्येक मुलाखतीत एक वाक्य हमखास येतं: "आमच्याकडं पक्की खबर होती की तो त्या ढोकमध्ये आहे." ढोक म्हणजे डोंगरावरच्या बकरवालांची उन्हाळ्यातली दगड-मातीची झोपडी. त्या धारेवर अशा ढोक मोजक्याच असतात. त्या हंगामात तिथं कुणाची कुटुंबं होती हे गावाला माहीत असतं, म्हणून गावातल्या चुकीच्या माणसालाही माहीत असतं. आपल्याला खबर देणारा पेन्शन घेऊन सिन्नरला आलेला नाही. तो तिथंच शेळ्या चारतो. दहा वर्षांनंतरचा व्हिडिओही त्याच्या दारापर्यंत जाऊ शकतो. यजमानांना हा एकच मुद्दा पटला, तरी माझं निम्मं काम झालं.

आता त्यांच्या मनात जे नक्की येईल ते मीच बोलतो. तोंड फक्त जवानानंच बंद ठेवायचं का? २०१८ च्या सप्टेंबरात पुण्यात एका सत्कार समारंभात लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकर यांनी २०१६ च्या त्याच कारवाईबद्दल, म्हणजे सर्जिकल स्ट्राइकबद्दल सांगताना, गावातली कुत्री लांब राहावीत म्हणून बिबट्याचं मलमूत्र बरोबर नेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. लोकांना भारी गंमत वाटली. ते स्वतः त्या भागाच्या कोअरचे कमांडर होते, काय सांगायचं हे ठरवण्याची त्यांची जागा माझ्यापेक्षा फार वरची. तरीही माझं मत विचाराल तर ती युक्ती सभागृहात सांगायला नको होती. आणि हेच एखाद्या हवालदारानं पारावर सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न यजमानांना पडणं रास्तच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये स्ट्राइकचे व्हिडिओ वाहिन्यांवर आले, निवडणुकीच्या सभांमध्ये त्या रात्रीचा उल्लेख झाला. पुढाऱ्यांनी मिरवायचं आणि ज्यानं जीव धोक्यात घातला त्यानं मूग गिळून बसायचं, ही विषमता खरी आहे. ती मला सलते. पण वरच्यानं बोलून टाकलं म्हणून तुमच्या टीममधला अजून नोकरीत असलेला नायक जास्त सुरक्षित झाला का? उलट एक तुकडा आधीच बाहेर आहे, तुम्ही त्याच्या शेजारचा ठेवता.

जिथं हे पुढच्या टोकाला गेलं ते अमेरिकेतलं प्रकरण सांगण्यासारखं आहे. २ मे २०११ ला अबोटाबादमध्ये बिन लादेनला मारलं. आत गेलेले अमेरिकी नौदलाचे सील कमांडो दोन डझनांच्या आसपास. पुढच्याच वर्षी त्यातल्या मॅट बिसोनेट यानं टोपणनावानं पुस्तक काढलं. टोपणनाव पुस्तक बाजारात येण्याआधीच फुटलं, एका वाहिनीनं खरं नाव सांगून टाकलं. हस्तलिखित संरक्षण खात्याकडून तपासून घेतलेलं नव्हतं, त्यावरून खटला उभा राहिला, आणि २०१६ मध्ये पुस्तकाच्या कमाईतले पासष्ट लाख डॉलरहून अधिक सरकारजमा करायचं त्याला कबूल करावं लागलं. मग दुसरा आला, रॉबर्ट ओ'नील. आधी २०१३ मध्ये एका मासिकात नाव न देता, पुढच्या वर्षी उघडपणे, "शेवटच्या गोळ्या माझ्या" असं त्यानं सांगितलं. बिसोनेटच्या पुस्तकातली हकीकत वेगळी होती. तिच्यात जिन्यावर सगळ्यात पुढं असलेल्या माणसानं आधी नेम साधला होता. तो पुढचा माणूस आजही लोकांसमोर आलेला नाही. म्हणजे ज्याचा वाटा कदाचित सगळ्यात मोठा, तो गप्प, आणि बाकी दोघांचा वाद जगानं चवीनं वाचला. त्या मोहिमेत कैरो नावाचा कुत्राही होता. त्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही.

हे चालू असताना, २०१४ च्या ऑक्टोबरात, अमेरिकी नौदलाच्या विशेष दलांचे प्रमुख रिअर ॲडमिरल ब्रायन लॉसी यांना आपल्याच लोकांना पत्र लिहावं लागलं. कामाची जाहिरात करायची नाही आणि कौतुक मागायला जायचं नाही, हे आपलं ब्रीद आहे, याची त्यांनी त्यात आठवण करून दिली. असं पत्र लिहायची वेळ येते तेव्हा आत काय झालेलं असतं ते टीममध्ये राहिलेल्याला कळतं. शेजारचा माणूस उद्या काय लिहील हे डोक्यात ठेवून कुणी दारातून आत जाऊ शकत नाही. तिथं डोकं रिकामं लागतं.

ब्रिटनमध्ये हे आणखी आधी झालं. १९९१ च्या आखाती युद्धात एसएएस या ब्रिटिश विशेष दलाची आठ जणांची गस्त इराकमध्ये उतरली. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक चालत सीरियात पोहोचला. वाचलेल्यांनी पुस्तकं लिहिली, ती तुफान खपली आणि एकमेकांशी जुळली नाहीत. गस्त उघडी पडल्याचा ठपका त्यांतून एका मृत सार्जंटवर आला. ज्याच्यावर आरोप, तो उत्तर द्यायला जिवंत नाही, आणि त्याच्या घरच्यांना पुढं कित्येक वर्षं त्या बदनामीशी झगडावं लागलं. १९९६ पासून ब्रिटिश विशेष दलातल्या प्रत्येकाला गोपनीयतेचा करार सही करायला लावतात. सही नको असेल तर मूळ युनिटला परत जा. न्यूझीलंडला गेलेल्या एका माजी सैनिकानं त्याला आव्हान दिलं, पण २००३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हा न्यूझीलंडसाठीचं सर्वोच्च अपील न्यायालय) करार बंधनकारक ठरवला.

त्या सार्जंटच्या घरच्यांवरून आपल्याकडच्या आया आठवतात. आपल्याकडं शहीद जवानाच्या घरी पार्थिव येतं, तेव्हा बरोबर आलेला जेसीओ (सुभेदार दर्जाचा अधिकारी) आईला सांगतो, "माई, त्याला त्रास झाला नाही." बहुतेक वेळा ती माउली त्यावर विश्वास ठेवते आणि त्यावर उरलेलं आयुष्य काढते. चार-पाच वर्षांनी भाचा मोबाइल दाखवतो. त्यात तिच्या मुलाचा बडी, म्हणजे जोडीदार जवान, सांगत असतो की तो किती वेळ हाका मारत होता. सांगणाऱ्याच्या मनात कणभर खोट नसते. तो रडत असतो. पण ती गोष्ट तिच्या घरी तिच्यासमोर बसून, तिनं विचारल्यावर सांगायची असते, किंवा मुळीच सांगायची नसते. लाखो लोकांच्या आधी तिचा हक्क. यजमानांच्या त्या ऑपरेशनमध्ये कुणी गेलं असेल, तर चॅनेलला होकार कळवण्याआधी त्या घरी जाऊन यावं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, मी वकील नाही. नोकरीत असताना १९५४ च्या लष्करी नियमांतला २१ वा नियम लागू असतो: परवानगीशिवाय सेवेविषयी काहीही छापायचं नाही, पत्रकारांना द्यायचं नाही. निवृत्तीनंतर ही पकड सुटते, आणि "आता मी सिव्हिलियन" ही समजूत तिथूनच येते. पण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ सुटत नाही. त्याच्या पाचव्या कलमात सरकारी पदावर असलेला आणि पूर्वी असलेला, असे दोन्ही शब्द आहेत. पदामुळे हाती आलेली गोपनीय माहिती नको त्याला दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा मोघम आहे, सरकारं तो सोयीनं वापरतात, ही टीका मलाही मान्य आहे. पण मोघमपणाचा त्रास मुलाखत देणाऱ्याला होतो, घेणाऱ्याला क्वचित. मेजर जनरल व्ही. के. सिंग (पुढं मंत्री झाले ते नव्हेत, हे सिग्नल्स म्हणजे संदेशवहन शाखेचे) यांनी रॉ या गुप्तचर संस्थेतल्या कामावर २००७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि सीबीआय दारात आली. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे, आपले पुण्याचे, यांचं आत्मचरित्र जानेवारी २०२४ मध्ये यायचं होतं. काही उतारे आधी छापून आले आणि पुस्तक तपासणीत अडकलं. लष्करप्रमुखाची ही गत, तर हवालदारानं "मला कोण विचारतंय" म्हणू नये. यजमान मध्ये कधी एनएसजीला (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात) किंवा इतर कुठल्या संघटनेत डेप्युटेशनवर गेले असतील, तर तिथं सह्या केलेले कागद वेगळे. ते आठवून बघा.

तुमच्या धास्तीबद्दल. ती अनाठायी नाही, पण फुगवायचीही नाही. सीमेपलीकडून कुणी सिन्नरला येऊन बसेल असं मी म्हणणार नाही. त्रास येतो तो फोनमधून. व्हिडिओ गाजला की फ्रेंड रिक्वेस्ट येतात, "सर, मी संरक्षणावर पीएचडी करतेय" असे गोड मेसेज येतात, कुणी जुन्या साथीदाराच्या नावानं नंबर मागतं. नाशिकला हे नवं नाही. २०२० साली ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला विमानांची माहिती परदेशी हस्तकाला पुरवल्याच्या आरोपावरून एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) पकडलं. त्याच सुमाराला देवळाली कॅम्पातल्या मनाई असलेल्या भागाचे फोटो पाकिस्तानी व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवल्याच्या आरोपावरून एका मजुराला अटक झाली. लष्करानं त्याच वर्षी जवानांना ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली होती, ती उगाच नाही. ज्याचा चेहरा, गाव, युनिट आणि ऑपरेशन एकाच व्हिडिओत मिळतं, त्याच्याशी ओळख काढणं सोपं होतं. आणि खरं लक्ष्य तो नसतो. त्याच्या फोनमध्ये नंबर असलेले, नोकरीतले लोक असतात.

"चेहरा ब्लर करू" असं चॅनेलवाले म्हणतील. त्यावर विसंबू नका. २०१७ मध्ये देवळालीतल्याच एका जवानाचं छुप्या कॅमेऱ्यावरचं बोलणं चेहरा धूसर करून दाखवलं होतं. काही दिवसांत तो मृत सापडला. ते प्रकरण अधिकाऱ्यांच्या दिमतीला जवान देण्याच्या सहायक पद्धतीबद्दलचं होतं, गुप्त मोहिमेचं नाही. पण आवाज, लकब, अंगकाठी ब्लर होत नाही, आणि एकदा रेकॉर्ड झालेलं कसं कापायचं हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे त्यातून शिकावं.

प्रेरणेचं म्हणाल, तर रोज अठरा-वीस वर्षांची मुलं समोर असतात म्हणून सांगतो. "साहेबांनी चौघांना लोळवलं" हे ऐकून जो येतो तो पहिल्या पंधरवड्यात दमतो. टिकणारा मुलगा वेगळे प्रश्न विचारतो: प्रोबेशनमध्ये (निवडीच्या चाचणीकाळात) झोप किती मिळते, गुडघा गेला तर पुढं काय, घरचे कसे निभावतात. यजमानांकडं या सगळ्याची खरी उत्तरं आहेत, आणि त्यातलं काहीच गुपित नाही. निवड कशी झाली, मरून बेरे (पॅराची लालसर टोपी) मिळाली तो दिवस, विशेष दलाच्या बलिदान बॅजचा अर्थ, सुट्टीवर आल्यावर घरच्यांना काय सांगायचे, निवृत्तीनंतर एमआयडीसीत बारा तासांची ड्युटी करताना काय वाटतं. या शेवटच्या गोष्टीवर तर कुणी बोलतच नाही. तिथं त्यांनी तासभर बोलावं.

एका बाबतीत मात्र गप्प बसणं चूक आहे. ऑपरेशनच्या नावाखाली गुन्हा झाला असेल, निरपराध मारला गेला असेल, तर "टीमची इज्जत" म्हणून तोंड शिवून बसू नये. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये ब्रेरेटन अहवाल आला. अफगाणिस्तानात त्यांच्या विशेष दलाच्या हातून ३९ जणांच्या बेकायदा हत्या झाल्याची विश्वसनीय माहिती असल्याचं त्यात नोंदवलं होतं. सैनिकांनी शपथेवर तोंड उघडलं म्हणून ते बाहेर आलं. ती जागा म्हणजे चौकशी, न्यायालय, वकील. स्टुडिओ नाही.

आणखी एक गोष्ट, ताई, ती नुसती तुमच्यासाठी. कधी कधी माणसाला प्रसिद्धी नको असते, बोलायचं असतं. ज्या युनिटमध्ये प्रत्येक माणूस न सांगता समजून घेत होता, तिथून तो अशा ठिकाणी येतो जिथं सुपरवायझर त्याला हजेरीपटावरून झापतो. मग समोर माइक घेऊन कुणी तरी मन लावून ऐकतंय, हे फार मोठं वाटतं. रात्री झोप नसेल, चिडचिड वाढली असेल, तर आधी देवळालीच्या लष्करी रुग्णालयात किंवा ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात) दाखवा, मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे. युनिटच्या माणसांबरोबर वर्षातून एकदा भेटू द्या. तिथं त्यांना सगळं बोलता येतं.

मग हे कधीच सांगायचं नाही का? तसं नाही. कॅप्टन मोहन नारायण सामंत यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या बंदरांतली जहाजं फोडणाऱ्या बंगाली नौदल कमांडोंना प्रशिक्षण देऊन आत धाडण्याच्या गुप्त मोहिमेत ते प्रमुख होते. पलाशीजवळ भागीरथीत पोरांना पोहण्याचं प्रशिक्षण दिलं. १५ ऑगस्टच्या आसपास चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी स्फोट झाले. हल्ल्याचा इशारा आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली गाणी लावून दिला होता. डिसेंबरात सामंत स्वतः गनबोटी घेऊन खुलन्यापर्यंत गेले. महावीरचक्र मिळालं, पण कमांडोंची गोष्ट कित्येक दशकं बाहेर आली नाही. ती सविस्तर पुस्तकरूपात आली २०१९ मध्ये, त्याच वर्षी सामंत वारले. तोवर ज्या देशासाठी ते केलं त्या देशानं त्या पोरांना आपले वीर म्हणून मान दिला होता, पद्धती जुन्या झाल्या होत्या, आणि कुणाच्या दाराशी धोका उरला नव्हता. दुसरीकडं विशेष सीमा दलाचे तिबेटी जवान. १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत ते लढले, मेले, आणि दल गुप्त असल्यामुळं शौर्यपदकं मिळाली नाहीत. २०२० मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला त्याच दलाचे न्यिमा तेनझिन गेले, तेव्हा लेहमध्ये त्यांची अंत्ययात्रा पहिल्यांदा अशी उघडपणे निघाली. गप्प राहण्याची किंमत असते, आणि ती सरकारनं चुकती करायला हवी: पदकानं, पेन्शननं, वेळेवर कागद खुले करून. आपल्याकडं हे होत नाही. यजमानांचा राग त्यावर असेल, तर मी त्यांच्या बाजूचा आहे.

आता करायचं काय ते. चॅनेलला मेसेज यजमानांनी स्वतः करावा: "नोकरी, निवड, प्रशिक्षण आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य यावर बोलेन. कुठल्याही ऑपरेशनबद्दल होय किंवा नाही, दोन्ही म्हणणार नाही. शीर्षकात आणि थंबनेलवर ऑपरेशनचं नाव नको." यावर जो चॅनेल मागं हटला, त्याला कोण हवं होतं ते कळलंच. जायचंच ठरलं तर "होय किंवा नाही दोन्ही म्हणणार नाही" हे घरी बोलून बघा, आरशासमोर. मुलाखत घेणारा पहिला अर्धा तास गाव, आई, शाळा काढतो. मग अगदी हळू आवाजात विचारतो, "सर, त्या रात्री...?" आणि गप्प बसतो. ती शांतता फार अवघड जाते, माणूस काहीतरी बोलून ती भरून काढतो. त्यांनी पाण्याचा घोट घ्यावा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघावी. काही कागदोपत्री शंका असेल तर बंगळूरच्या रेजिमेंटल सेंटरला लेखी विचारा, उत्तर उशिरा आलं तरी विचारल्याची पोच हातात राहते. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही पत्र कसं लिहायचं ते सांगतील.

राहता राहिला फ्लेक्स. नाशिक-पुणे रस्त्यावर शिंदे गावाजवळ लागलेला एक फ्लेक्स माझ्या डोळ्यासमोर आहे. मधोमध निवृत्त जवान, हातात टॅव्हर रायफल. मागं त्याचे चार साथीदार, चौघांचे चेहरे स्वच्छ दिसतायत, दंडावर बटालियनचा आकडा. खाली दोन मुलांचे फोटो, नावानिशी, "शुभेच्छुक" म्हणून, आणि मित्रपरिवाराचे मोबाइल नंबर. त्या चौघांपैकी किती जण अजून ड्युटीवर होते, देव जाणे. तर मंडळाला सांगा: फोटो साध्या वर्दीतला, एकट्याचा, हत्याराशिवाय. मजकूर "भारतीय सेना, पॅराशूट रेजिमेंट, सेवानिवृत्त" एवढाच. मुलांचे फोटो नकोत. आणि छापायला जाण्याआधी प्रूफ यजमानांनी स्वतः बघावं, नाहीतर फ्लेक्सवाला "फोटो साधा वाटतोय साहेब" म्हणत नेटवरून भलत्याच देशाचा कमांडो आणि वर दोन हेलिकॉप्टरं चिकटवून मोकळा होतो.